विश्लेषण : लंडनचा सीए, वर्ध्याची बैलघाणी आणि ‘टिकाऊ अर्थव्यवस्था’… कोण होते जे. सी. कुमारप्पा?

शाश्वत विकास, चक्रीय अर्थव्यवस्था, ‘लोकल’ खरेदी हे शब्द आता कंपन्यांच्या वार्षिक अहवालांपासून सरकारी जाहिरातींपर्यंत सगळीकडे दिसतात. मात्र निसर्गाकडून किती घ्यायचे, परत काय द्यायचे आणि गावात तयार झालेली संपत्ती गावातच कशी फिरत ठेवायची, याचा सविस्तर आराखडा एका भारतीय अर्थतज्ज्ञाने १९४०च्या दशकातच मांडला होता. त्यासाठीचे बहुतेक प्रयोग महाराष्ट्रात, वर्ध्यात झाले. जोसेफ चेल्लदुरै कुमारप्पा हे त्यांचे नाव. गांधीजींच्या अर्थविचाराला आकड्यांचा आणि हिशेबाचा आधार देणारा हा माणूस आज मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. ते कोण होते, त्यांनी नेमके काय केले आणि त्यांचे म्हणणे मागे का पडले, याचा हा आढावा.

सूट-बुटातला ऑडिटर गांधीजींकडे कसा पोहोचला?

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारी सार्वजनिक बांधकाम खात्यात अधिकारी होते. घरातले आडनाव तेव्हा कॉर्नेलियस होते. कुमारप्पा हे पूर्वजांचे नाव भावंडांनी पुढे पुन्हा स्वीकारले. त्यांच्या भावांपैकी जगदीशन हे पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक झाले, तर भारतन हे वर्ध्यात त्यांच्यासोबतच काम करत राहिले.

जोसेफ यांनी लंडनला जाऊन हिशेब तपासणीचे शिक्षण घेतले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते सीए झाले. पहिल्या महायुद्धाचा काळ तिथेच काढून १९१९मध्ये ते परतले आणि मुंबईत स्थिरावले. काही वर्षांतच भागीदारीत स्वतःची ऑडिट फर्म सुरू झाली. इंग्रजी राहणी, उत्तम शिवलेले कपडे, हातात छडी असा त्यांचा थाट होता. राजकारणाशी संबंध नव्हता.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय प्रशासनाची पदवी घेऊन त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राला प्रवेश घेतला. तिथे सार्वजनिक वित्त या विषयातले मोठे नाव असलेले प्रा. एडविन सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक होते. याच सेलिग्मन यांच्या हाताखाली काही वर्षे आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते. भारत गरीब का आहे, या विषयावर कुमारप्पांनी एका चर्चमध्ये भाषण केले. त्याची बातमी वृत्तपत्रात आली, ती सेलिग्मन यांनी वाचली आणि प्रबंधासाठी हाच विषय घ्यायला सांगितले.

इथे ऑडिटर कामाला आला. ब्रिटिश सरकार भारतीयांकडून कर किती घेते आणि तो कुठे खर्च करते, याचा कुमारप्पांनी ताळेबंद मांडला. लष्कर, कर्जफेड आणि प्रशासन यांवर पैशाचा मोठा वाटा जात होता आणि शेती, शिक्षण, आरोग्य यांच्या वाट्याला फार थोडे उरत होते. ज्या साम्राज्याच्या व्यवस्थेत आपण आरामात जगत होतो, तिचे हिशेबाचे पुस्तक उघडल्यावर कुमारप्पा बदलले. नंतर त्यांना अनेकांनी भावनिक गांधीवादी ठरवले. प्रत्यक्षात त्यांना गांधीजींपर्यंत आणले ते ताळेबंदाने.

साबरमतीच्या झाडाखाली काय घडले?

भारतात परतल्यावर हा प्रबंध छापायचा होता. त्यासाठी मे १९२९मध्ये ते गांधीजींना भेटायला साबरमती आश्रमात गेले. अतिथिगृहात खुर्चीसुद्धा नव्हती, त्यामुळे ते आधीच वैतागले होते. भेटीची वेळ दुपारची होती. वेळ काढण्यासाठी फिरत असताना एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून सूत कातणारे एक वृद्ध गृहस्थ त्यांना दिसले. चरखा त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता, म्हणून छडीवर रेलून ते बघत उभे राहिले. थोड्या वेळाने त्या गृहस्थांनीच, आपण कुमारप्पा का, असे विचारले. तेव्हा समोर कोण बसले आहे याचा त्यांना उलगडा झाला. कडक इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता ते तिथेच जमिनीवर बसले. आश्रमातून कुणीतरी घाईने खुर्ची आणली, पण त्यांनी ती घेतली नाही.

गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः छापायचे कबूल केले आणि दुसरे एक काम गळ्यात घातले. गुजरातमधील एखाद्या ग्रामीण भागाची आर्थिक पाहणी करायची होती. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. गुजरात विद्यापीठाची धुरा सांभाळणाऱ्या काकासाहेब कालेलकरांशी पहिल्याच भेटीत याच मुद्द्यावरून गैरसमज झाला आणि ते मुंबईला निघून गेले. गांधीजींनी मध्यस्थी केल्यावर ते परत आले.

मग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्यातली ५४ गावे पालथी घातली. कुटुंबाचे उत्पन्न, खर्च, कर्ज, जनावरे, जमीन, शेतसारा अशी एकेका घराची नोंद केली. १९३१मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल भारतातील ग्रामीण आर्थिक पाहण्यांच्या सुरुवातीच्या कामांत गणला जातो. ज्याने तोवर खेडे फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिले असेल, त्याच्या हातून असे काम व्हावे हे विशेष.

मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात ‘यंग इंडिया’ची जबाबदारी कुमारप्पांवर आली आणि त्यांच्या लेखणीमुळे तुरुंगवासही. एव्हाना सूट गेला होता आणि अंगावर खादी आली होती. धोतर आणि पायजमा यांच्यामधला एक सुटसुटीत प्रकार त्यांनी स्वतःसाठी शिवून घेतला. त्याला ते गमतीने ‘धोतीजामा’ म्हणत. लग्न त्यांनी केले नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. राजेंद्र प्रसाद यांच्या मदत समितीचा सगळा पैसा सांभाळायला कुमारप्पांना बोलावण्यात आले. प्रत्येक कार्यकर्त्याच्या रोजच्या खर्चाला त्यांनी मर्यादा घातली होती. गांधीजी आपल्या मंडळींसह आले, तेव्हा हा खर्च मदत निधीतून मिळणार नाही, असे कुमारप्पांनी त्यांच्या सहकाऱ्यांना कळवून टाकले. लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिलेला पैसा पाहुण्यांवर खर्च होणार नव्हता, मग पाहुणा कुणीही असो. गांधीजींना ते पटले, आणि पुढच्या मोठ्या कामासाठी त्यांनी हाच माणूस निवडला.

मगनवाडीत नेमके काय चालत होते?

ऑक्टोबर १९३४मध्ये मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन झाले. त्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन करण्याचा ठराव झाला आणि संघ उभा करण्याची जबाबदारी कुमारप्पांवर सोपवण्यात आली. डिसेंबरमध्ये वर्ध्यात संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि कुमारप्पा चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तिथले घर दिले. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून तिला मगनवाडी म्हटले जाऊ लागले. सेवाग्रामला जाण्याआधी स्वतः गांधीजीही इथेच राहत होते.

मगनवाडी म्हणजे आजच्या भाषेत एक आर अँड डी सेंटर, प्रशिक्षण केंद्र आणि छापखाना असे सगळे एकत्र होते. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशीपालन, ताडगूळ, साबण, मातीची भांडी असे विभाग चालत. ठिकठिकाणाहून आलेले तरुण इथे काम शिकून आपापल्या भागात परत जात. ‘ग्रामउद्योग पत्रिका’ हे मासिक निघत असे. डिसेंबर १९३८मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि ही सगळी अवजारे, यंत्रे आणि वस्तू लोकांना पाहायला खुली झाली.

कुमारप्पा कसा विचार करत, हे समजून घ्यायचे तर घाणीचेच उदाहरण बघावे. गावात भुईमूग किंवा तीळ पिकतो. तो शहरातल्या गिरणीत गेला की तेल डब्यातून परत येते. गिरणीचे तेल थोडे स्वस्तही पडते, म्हणजे वरवर पाहता गावाचा फायदा झाला. पण तेलासोबत निघणारी पेंड गावात परत येत नाही. पेंड नाही म्हणजे बैलाला आणि गाईला चांगले खाद्य नाही. जनावर अशक्त झाले की नांगरणी, दूध आणि शेणखत, तिन्ही कमी होते. खत कमी म्हणजे पुढच्या वर्षीचा भुईमूगही कमी. शिवाय तेल्याचे काम गेले. त्याची खरेदी करण्याची ताकद गेली, म्हणून कुंभाराचे आणि विणकराचे गिऱ्हाईक गेले. स्वस्त तेलाच्या किमतीत यातले काहीच धरलेले नसते. हा सगळा खर्च कुणीतरी भरतोच, फक्त पावतीवर तो दिसत नाही. अर्थशास्त्रात आता याला बाह्य खर्च म्हणतात. कुमारप्पा तो एका बैलघाणीभोवती बसून समजावत होते.

म्हणून उपायही घाणीतच शोधायचा होता. जुनी घाणी कमी तेल काढते आणि बैलाला दमवते, हे मगनवाडीने नाकारले नाही. झवेरभाई पटेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी तिच्या रचनेत सुधारणा केल्या. कमी ओढ लागणारी, जास्त तेल देणारी आणि गावच्या सुताराला दुरुस्त करता येईल अशी घाणी तयार झाली. दुरुस्तीचा हा मुद्दा कुमारप्पांसाठी महत्त्वाचा होता. ज्याचा सुटा भाग मागवायला परदेशी कंपनीकडे जावे लागते, ते यंत्र आपले नसते, असा त्यांचा हिशेब होता. मोबाइलची बॅटरी स्वतः बदलता येत नाही म्हणून चिडणाऱ्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तांदळाबाबतही तेच. गिरणीत पॉलिश होताना दाण्यावरचा पौष्टिक थर निघून जातो. साध्या जात्यात फक्त तूस काढले तर तो टिकतो आणि गावातल्या हातांना कामही मिळते. धुराने स्वयंपाकघर काळे करणाऱ्या चुलीऐवजी धूर बाहेर सोडणारी ‘मगन चूल’ आली. आयात रॉकेलऐवजी वनस्पतितेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदील आला. मैल्यापासून आणि काडीकचऱ्यापासून कंपोस्ट खत करण्यावर त्यांचा विशेष भर होता. स्वच्छता आणि सुपीकता या दोन गोष्टी एकाच खड्ड्यात सुटतात, हे पटवताना ते थकत नसत.

तुरुंगात लिहिलेले पुस्तक काय सांगते?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकार भारतातून धान्य आणि माल उचलत होते आणि बदल्यात नोटा छापून देत होते. खरी देणी लंडनमधल्या खात्यांत कागदावर साचत होती. इथे महागाई भडकली. कुमारप्पांनी यावर ‘ग्रामउद्योग पत्रिके’त घणाघाती लिहिले. ‘चले जाव’ आंदोलनानंतर त्यांना पुन्हा तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवरचे, तर दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजेच टिकाऊ अर्थव्यवस्था. १९४५मध्ये सुटका झाल्यावर गांधीजींनी दोन्ही पुस्तके वाचली, दुसऱ्याला प्रस्तावना दिली आणि लेखकाला दोन पदव्याही बहाल केल्या. त्यातली एक होती डॉक्टर ऑफ व्हिलेज इंडस्ट्रीज, म्हणजे ग्रामोद्योगांचे डॉक्टर. कोलंबियात एम.ए. झालेल्या कुमारप्पांनी ही घरगुती डॉक्टरेट आनंदाने मिरवली.

पुस्तकाची सुरुवात निसर्गापासून होते. वाघ मेंढी मारून खातो, त्यात मेंढीच संपते. ही परोपजीवी व्यवस्था. माकड आमराईत शिरून आंबे खाते, झाडाला काहीच देत नाही, पण झाड तरी राहते. ही लुटारू व्यवस्था. मधमाशी मध घेते आणि घेताना फुलाचे परागीभवन करून जाते, म्हणजे घेण्याच्या कामातच देणे आहे. ही उद्यमाची व्यवस्था. तीच माशी स्वतःसाठी नव्हे तर पोळ्यासाठी मध साठवते, ही समूहाची व्यवस्था. आणि पक्षीण पिल्लाला भरवते तेव्हा मोबदल्याचा प्रश्नच नसतो, ही सेवेची व्यवस्था. कुमारप्पांच्या मते माणसांचे व्यवहारही याच पाच पायऱ्यांवर मोजता येतात. साम्राज्ये पहिल्या दोन पायऱ्यांवर उभी असतात आणि खऱ्या सहकाराची सुरुवात मधमाशीपासून होते.

दुसरी महत्त्वाची मांडणी साठा आणि प्रवाह यांची. कोळसा, खनिज तेल, लोखंडाचे धातुक हे सगळे साठे आहेत. वापराल तितके कमी होणार. ऊन, पाऊस, जंगलाची वाढ, जनावराची ताकद हे प्रवाह आहेत. मर्यादा पाळली तर ते येतच राहतात. एक पॉवर बँक आहे जी परत चार्ज होत नाही आणि छतावर एक सोलर पॅनल आहे. घरातली सगळी उपकरणे पहिलीवर लावायची आणि दुसऱ्याकडे बघायचेही नाही, असे आपण करत आहोत, हा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ. साठे मर्यादित असल्याने त्यांच्यासाठी भांडणे अटळ आहेत, म्हणून तेलावर उभी अर्थव्यवस्था युद्धाकडे जाते, असेही त्यांचे प्रतिपादन होते. हे लिहिले गेले तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडायचा होता, आणि १९७३चे तेलसंकट तर तीन दशके दूर होते. शाश्वत विकास ही संज्ञा जगभर नेणारा संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल यायला १९८७ उजाडले.

सहकाराबद्दल त्यांचे म्हणणे वेगळे का होते?

कुमारप्पांच्या आराखड्यात प्रत्येक गावागावांत बहुउद्देशीय सहकारी संस्था आहेत. त्या केवळ कर्ज वाटणाऱ्या पतसंस्था नाहीत. गावाचे धान्य साठवणे, कारागिरांना कच्चा माल आणि अवजारे पुरवणे, उरलेला माल विकणे आणि सरकारचा सारा धान्यरूपाने भरणे ही कामे त्यांनी करायची. पैशाच्या भावातल्या चढउताराने शेतकरी नागवला जातो, म्हणून व्यवहार शक्य तितके वस्तूंत ठेवायचे. साधारण एक लाख लोकवस्तीचा टापू हा नियोजनाचा घटक. त्या लोकांना पोटभर समतोल आहार मिळेल इतके धान्य, डाळी, तेलबिया, भाजीपाला आणि कापूस यांचे आधी गणित करायचे आणि त्याप्रमाणे जमीन वाटून पिके ठरवायची. कुठल्या गावाने काय पिकवायचे याला परवाने असावेत, इथपर्यंत ते गेले. रेल्वे, वीज, खाणी यांसारखे मोठे उद्योग त्यांनी नाकारले नव्हते. ते सरकारने नफ्यासाठी नव्हे तर सेवा म्हणून चालवावेत, एवढीच अट होती.

हा मुद्दा महाराष्ट्रासाठी विशेष आहे. ज्या काळात कुमारप्पा वर्ध्यातून हे लिहीत होते, त्याच काळात नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा करत होते. १९५०मध्ये त्याचे गाळप सुरू झाले आणि राज्याच्या सहकाराला दिशा मिळाली. मालक शेतकरी, भांडवल शेतकऱ्यांचे आणि नफ्यातून शाळा, दवाखाने. सावकाराच्या तावडीतून एक मोठा वर्ग बाहेर आला, हे यश निर्विवाद आहे.

पण कुमारप्पांचा उसाला विरोध होता. अन्नधान्याची चांगली जमीन कारखान्याच्या पिकाकडे वळू नये, गोडाची गरज पडीक जमिनीवरच्या ताड-शिंदीच्या झाडांपासून गूळ करून भागवावी, असे ते सांगत. मालकी कुणाची, हा सहकाराचा पहिला प्रश्न झाला. पीक कोणते, पाणी किती आणि जमिनीला परत काय मिळते, हे त्यांचे पुढचे प्रश्न होते. महाराष्ट्राने पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम शोधले आणि पुढचे प्रश्न बरीच वर्षे बाजूला ठेवले. दुष्काळी तालुक्यांतल्या उसावर दर काही वर्षांनी जो वाद पेटतो, त्याचे मूळ इथे आहे. अर्थात, लोणीच्या शेतकऱ्याला १९५०मध्ये ताडगूळ सुचवला असता तर त्याने ऐकले असते का, हाही प्रश्न आहेच.

स्वतंत्र भारतात ते एकटे का पडले?

याची चिन्हे आधीच दिसली होती. १९३८मध्ये काँग्रेसने नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. कुमारप्पा तिच्यात होते, पण सगळा रोख मोठ्या उद्योगांवर असल्याचे दिसताच ते बाहेर पडले. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारसाठी त्यांनी शेकडो गावांची पाहणी करून औद्योगिक अहवाल तयार केला. तो बहुतांशी कागदावरच राहिला.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने जमीन सुधारणांसाठी समिती नेमली आणि अध्यक्षपद कुमारप्पांना दिले. जुलै १९४९मध्ये आलेला हा अहवाल ‘कुमारप्पा समिती’ म्हणून आजही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात भेटतो. मध्यस्थ हटवावेत, जमीन कसणाऱ्याची असावी, एका कुटुंबाला नीट जगता येईल आणि एका बैलजोडीला पुरेसे काम मिळेल एवढ्या क्षेत्राच्या तिपटीहून जास्त जमीन कुणाकडे नसावी आणि फार लहान तुकडे असणाऱ्यांनी सहकारी शेती करावी, अशा त्याच्या शिफारशी होत्या. जमिनीचे कायदे राज्यांच्या हाती होते आणि राज्यांच्या विधिमंडळांत जमीनदारांचे वजन होते. कायदे आले, पण उशिरा आणि पळवाटांसह.

कुमारप्पांचा स्वभावही आड आला. ते तापट होते. जुने सहकारी मंत्री होऊन मोटारीतून फिरू लागले तेव्हा त्यांनी जाहीरपणे टीका केली. रासायनिक खतांचे कारखाने, ट्रॅक्टर, अन्नाच्या जागी नगदी पिके या सगळ्यावर त्यांनी लिहिले. ट्रॅक्टर शेण देत नाही, हा त्यांचा टोला बराच गाजला. १९५१मध्ये चीनला जाऊन आल्यावर तिथल्या जमीन सुधारणांचे त्यांनी कौतुक केले, तेव्हा गांधीवादी मंडळीही बिचकली.

त्यांच्या विचारात त्रुटीही होत्या आणि त्या लहान नव्हत्या. हातसडीचा तांदूळ पौष्टिक खरा, पण तो सडणारे हात बहुतेक बायकांचे होते आणि त्या कष्टातून सुटका देणारी गिरणी त्यांना नकोशी नव्हती. गावातले उद्योग जातींना बांधलेले होते. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८मध्ये संविधान सभेत खेड्यांच्या गौरवीकरणावर जो कठोर हल्ला चढवला, त्याला पुरेसे उत्तर कुमारप्पांच्या अर्थशास्त्रात सापडत नाही. पेंड गावात राहिली तर ती कुणाच्या गोठ्यात जाणार, हा साधा प्रश्न आहे. ज्याच्याकडे जमीनही नाही आणि जनावरही नाही, त्याला त्या साखळीत जागा मिळणे केवळ सद्भावनेवर सोडता येत नाही. शिवाय पिकांसाठी परवाने देणारी यंत्रणा किती प्रामाणिक राहील, याचा अंदाज आता कुणालाही करता येईल.

शेवटची वर्षे कशी गेली?

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुमारप्पांनी मगनवाडी सोडली आणि वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोह या गावी ‘पन्नै आश्रम’ सुरू केला. तमिळमध्ये पन्नै म्हणजे शेत. समतोल शेतीचे जे गणित पुस्तकात मांडले होते, ते स्वतः जमिनीवर करून बघायचे होते. पण रक्तदाबाने शरीर साथ देईना. अखेर ते मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. तिथल्या त्यांच्या खोलीत गांधीजींच्या चित्रासोबत एका गरीब शेतकऱ्याचे चित्र होते. पहिले माझ्या गुरूचे आणि दुसरे माझ्या गुरूच्या गुरूचे, अशी ओळख ते पाहुण्यांना करून देत, असे सांगितले जाते.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, मद्रासच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ते ६८ वर्षांचे होते.

ग्रामोद्योग संघाचे काम तोवर सरकारी चौकटीत गेले होते. १९५३मध्ये खादी आणि ग्रामोद्योग मंडळ स्थापन झाले, सहकार क्षेत्रातले दिग्गज वैकुंठभाई मेहता त्याचे अध्यक्ष झाले आणि १९५७मध्ये आयोग आला. ग्रामोद्योग टिकले, पण रोजगार देणारी अनुदानित योजना म्हणून. देशाच्या मुख्य आर्थिक धोरणात त्यांना कुमारप्पांना हवी होती तशी जागा मिळाली नाही.

परदेशात मात्र त्यांचे नाव एका वेगळ्याच वाटेने पोहोचले. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ई. एफ. शुमाकर यांचे ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ हे १९७३चे पुस्तक जगभर गाजले. त्यातल्या बौद्ध अर्थशास्त्रावरच्या प्रकरणात कुमारप्पांचा दाखला आहे. पर्यावरणाच्या चळवळीतल्या अनेकांना त्यांची पहिली ओळख तिथेच झाली.

मगनवाडीत आता काय आहे?

वर्धा शहरातल्या मगनवाडीत आज केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे ‘एमगिरी’ आहे. तिथे खादी, मध, तेल, नैसर्गिक रंग यांसारख्या ग्रामीण उद्योगांवर संशोधन आणि प्रशिक्षण चालते. बाजूला मगन संग्रहालय आहे. चरखे, घाण्या, कागदाचे साचे आणि जुनी शेती अवजारे तिथे पाहायला मिळतात. सेवाग्राम पाहायला येणाऱ्या सहलींच्या बसपैकी थोड्याच इकडे वळतात.

दरम्यान, ‘लाकडी घाणीचे’ असे ठळक लिहिलेल्या तेलाच्या बाटल्या पुण्या-मुंबईच्या दुकानांत आणि ॲपवर गिरणीच्या तेलापेक्षा कितीतरी जास्त दराने विकल्या जात आहेत. भुईमूग कुठला आणि पेंड कुठे गेली, हे बाटलीवर लिहिलेले नसते.